सव्वा सेकंद

माझा बाबा माझ्याशी उभ्या आयुष्यात एकदाच गोड बोलला, आणि त्या दिवशी माझी आई गेली होती.

मी तेव्हा रत्नागिरीला वसतिगृहात होते, बारावीला. दुपारी ऑफिसातून हाक आली, घरचा फोन आहे म्हणून. एरवी बाबाचा फोन म्हणजे 'गे भवाने, खंय मेललंस?' इथून सुरुवात. त्या दिवशी पलीकडचा आवाज इतका हळू होता, की मला वाटलं चुकीचा नंबर लागलाय.

"रेवती बाळा," बाबा म्हणाला, "जेवलंस काय?"

एवढंच. मी रिसीव्हर टेबलावर टाकला आणि मटकन खाली बसले. वॉर्डनबाई गोंधळल्या. "अगं, वडील जेवलीस का विचारतायत, त्यात रडायचं काय?" मी त्यांना काय समजावणार होते? आमच्या देऊळखाडीत जन्मल्याशिवाय ते कळत नाही.

आमच्याकडे माया करायची ती शिव्या घालून. पोर गुटगुटीत असलं तर त्याला 'मेल्या' म्हणायचं, म्हणजे त्याला कुणाची दृष्ट लागत नाही. सून आवडली तर तिला 'सटवी' म्हणायचं. होडीवर तर शिवीशिवाय दोर ओढला जात नाही. वारा, इंजिन, लाटा, या सगळ्यांच्या वर आवाज काढायचा तर साधं बोलून भागत नाही, आणि तीच सवय मग घरात जेवायच्या पाटापर्यंत येते. पण खरंच काही वाईट घडलं, किंवा आता घडणार असं दिसलं, की आमच्या माणसांचा आवाज एकदम खाली येतो. पोराच्या पायाशी फुरसं, म्हणजे विषारी साप, दिसलं तर कुणी ओरडत नाही. 'बाळा, हलू नको हां,' असं हळू सांगतात, आणि 'बाळा' ऐकल्याबरोबर पोर आहे तिथे थिजतं. हे कुणी कुणाला शिकवत नाही. आपण असं करतो हे करणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

मला ते ठाऊक होतं. माझं शिक्षणच आवाजाचं. आणि तरीही मी जे केलं ते केलं, म्हणून हे सगळं लिहून काढतेय.

*

पुण्यात मी ज्या कंपनीत आहे तिथे 'सौम्या' तयार होते. कानात घालायचं यंत्र, शेंगदाण्याएवढं. माणूस बोलतो तेव्हा शब्दांच्या आधी त्याचा गळा बोलत असतो. स्वर किती चढला, श्वास किती जोरात सुटला, दोन शब्दांमधली जागा किती आवळली, हे सगळं मोजता येतं. सौम्या ते मोजते, मग शब्द बघते, आणि शून्य ते शंभरमधला एक आकडा काढते. समोरच्याला हे बोलणं किती लागेल, त्याचा तो आकडा. वीसच्या आतलं बोलणं ती जसंच्या तसं, त्याच क्षणी पुढे सोडते. वीसच्या वर गेलं की ते अडवते, त्यातला मतलब तेवढा काढून घेते, तो मऊ शब्दांत बसवते आणि बोलणाऱ्याच्याच आवाजात ऐकणाऱ्याच्या कानात घालते. तुमचाच बाप, तुमच्याच बापाचा घसा, फक्त शब्द त्याचे नाहीत.

या खटाटोपाला तिला सव्वा सेकंद लागतो. कामाच्या गडबडीत ऐकणाऱ्याला तो उशीर जाणवत नाही. मला जाणवतो, कारण गेली दोन वर्षं तो उशीर घालवायचं काम माझ्याच गटाकडे आहे. माणसाने तोंड उघडताच तो पुढे काय म्हणणार हे यंत्राने ओळखलं, तर थांबायची गरजच उरत नाही. ही बिनउशिराची नवी आवृत्ती दिवाळीत निघायची होती, आणि एका मोबाइल कंपनीने ती आधीच घेऊन ठेवली होती.

आता, किती लागेल हे ठरवायचं कुणी? यंत्राला काही लागत नाही. म्हणून माणसं बसवायची, त्यांना हजारो आवाज ऐकवायचे आणि आकडे द्यायला सांगायचे. एका देशात जो आवाज म्हणजे भांडण, तोच दुसऱ्या देशात रामराम असतो. कुठे मध्येच बोलणं म्हणजे उद्धटपणा, कुठे मध्ये न बोलणं म्हणजे तुटकपणा. हे आम्हाला माहीत होतं, आम्ही काही अगदीच बिनडोक नव्हतो. म्हणून नियम असा होता, की प्रत्येक बोलीच्या आकड्यांचा तक्ता त्या बोलीतल्या चाळीस माणसांनी भरायचा.

मालवणीचा तक्ता मी एकटीने भरला.

मुदत संपत आली होती आणि ऑफिसात मालवणी येणारी मीच होते, हे झालं सांगायचं कारण. खरं कारण वेगळंच होतं. नमुना म्हणून मी बाबाचं बोलणं गणपतीच्या सुट्टीत टिपून आणलं होतं. बैठकीत ते लावलं. "गे सटवे, सुकान खारो बांगडो झालंस, जेव मगे!" पडद्यावर यंत्राचा कच्चा आकडा आला, चौऱ्याण्णव. आमचे प्रमुख निरंजन देवस्थळी, अतिशय सज्जन माणूस, त्यांनी हळूच विचारलं, "हे भांडण चाललंय का गं?" सगळे हसले. वसतिगृहातल्या मुलींनी पहिल्या महिन्यात मला अगदी हेच विचारलं होतं, तुमच्या घरी रोज मारामाऱ्या होतात का म्हणून. तेव्हापासून मी माझी बोली पेटीत घालून वर कुलूप लावलं होतं. बैठकीत मीही हसले आणि म्हणाले, "आमची माणसं जरा रांगडीच आहेत, सर." चौऱ्याण्णवाला हात लावला नाही. तो आकडा दोन किंवा तीन असायला हवा होता. तो माझा बाप मला लेकरू म्हणत होता.

पुढे यंत्राला मऊ मालवणीची चारशे वाक्यं हवी होती. तीही मीच लिहिली आणि मीच म्हटली. मऊ मालवणी म्हटल्यावर मला दुसरं काही आठवेना, म्हणून पहिलं वाक्य लिहिलं, 'बाळा, जेवलंस काय?'

*

मग आमच्याच गावासमोरच्या समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहिल्या. प्रकल्पाला समुद्र ओळखणारी माणसं हवी होती. बाबा, म्हणजे भिवा कुबल, तिथल्या एका कामाच्या बोटीवर तांडेल म्हणून, म्हणजे बोट हाकायला, लागला आणि माझा धाकटा भाऊ सर्वेश त्याच बोटीवर डेकवर. पंख्यांचा आणि इंजिनांचा आवाज एवढा, की सगळ्यांच्या कानांवर जाड झाकणं असत आणि बोलणं काय ते झाकणाच्या आतल्या यंत्रातून.

प्रकल्पाच्या सुरक्षेचं काम इंगर नावाच्या डॅनिश बाईंकडे होतं. त्यांनी पहिल्याच आठवड्यात वर लिहून पाठवलं, की एक तांडेल आपल्या मुलाला दिवसातून सरासरी तीस वेळा ठार होण्याची धमकी देतो. सोबत यादी होती, भाषांतरासकट. तुला पटकी येवो. तुझं प्रेत बसवलं. समुद्राने तुला गिळावं. भाषांतरात एकही चूक नव्हती.

महिनाभरात प्रकल्पाच्या सगळ्या बोटींवर, आणि प्रकल्पाच्या मनोऱ्यावरून जाणाऱ्या सगळ्या फोनवर, सौम्या बसली. मालवणीचा तक्ता तयार होताच.

बाबा तिला 'नर्स' म्हणायला लागला. "इंजेक्शान देवच्या आदी कशी गोड बोलता, तशी," असं फोनवर सांगून स्वतःच हसला. मला तेव्हा बरं वाटलं होतं.

नंतर एके दिवशी सर्वेशचा फोन आला, घरून. "ताये, बाबा दिवसभर कानात गोड बोलता गो. माका ठाव आसा, ता यंत्र आसा. तरी पयलो आठवडो पोटात नुसतो गोळो. 'बाळा' म्हटल्यान, की वाटा, कोण गेला?"

"आणि आता?"

"आता काय नाय. सवय झाली. आता 'बाळा' म्हटल्यान तरी मी आपलो माझा काम करतंय."

मी म्हटलं, बरं झालं. फोन ठेवला, चहा टाकला, आणि गाळता गाळता माझा हात थांबला. सवय झाली म्हणजे कशाची झाली? सर्वेशकडे मरणाची एकच खूण होती आणि तीन महिन्यांत ती त्याच्या कानांनी पुसून टाकली होती. उद्या खरंच पायाशी फुरसं आलं आणि बाबा खरंच हळू बोलला, तर याला कसं कळणार? चहा ओट्यावर सांडला होता आणि मला तो पुसायचंही सुचेना. मला इतकी भीती आईच्या वेळेलाही वाटली नव्हती, कारण तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी निरंजन सरांकडे गेले आणि मालवणीचा तक्ता रद्द करा म्हणून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"रेवती, तीन महिन्यांत तिथून एकही तक्रार नाही. आणि तक्ता तूच भरला होतास ना?"

"मी चुकीचा भरला, सर."

"तू घरच्या माणसांसाठी हळवी होतेयस. साहजिक आहे." त्यांनी मला पाण्याचा ग्लास दिला. "असं कर, तिमाही तपासणीला तूच जा. आकडे घेऊन ये, मग बघू."

मी चाचणीचं यंत्र घेऊन निघाले. ते आमच्या मोजक्या लोकांकडेच असतं. त्यात डाव्या कानाला मूळ बोलणं येतं आणि उजव्या कानाला सौम्याने बदललेलं, म्हणजे दोन्ही ताडून बघता येतात. शिवाय त्यातून आपण बोललो तर ते सौम्या अडवत नाही, आहे तसं जातं.

*

घरी पोचले तेव्हा बाबा पडवीत सुरमई कापत होता. "इलंस गे सटवे? पुण्यातलो वारो खावन खावन पिवळी पडलंस!" ऐकून बरं वाटलं. जेवताना मी विषय काढला.

"बाबा, उद्या बोटीवर खरंच काय झाला तर?"

"काय जातला? झाला तर बोंबलान मी."

"तू बोंबलत नाहीस. तू गोड बोलतस."

"मी?" बाबा सर्वेशकडे बघून हसला. "आयकलंस मरे? मी खंय गोड बोलतंय?"

"आई गेली त्या दिवशी फोनवर कसा बोललास, आठवतंय?"

त्याचा हात ताटात थांबला. त्याने भात एका बाजूला सारला. मग म्हणाला, "त्या दिवशी मी तुका काय सांगितलंय, ता माका आठवणा नाय."

मी खुणा ठरवायचा प्रयत्न केला. म्हटलं, भोंगा वाजव. बाबा म्हणाला, भोंगा वाजला की माणूस वळून बघतो आणि तिथेच उभा राहतो, आणि उभं राहणं हाच घात असतो. सर्वेश म्हणाला, "ताये, तू जास्त शिकलंस, म्हणान तुका भियां वाटता." दोघेही हसले. मी हसू शकले नाही, आणि माझ्या ताटातला मासा बाबाने उचलून सर्वेशला वाढला.

*

नियंत्रण कक्ष किनाऱ्यावरच होता. इंगरबाई उंच, पांढऱ्या केसांच्या, आणि इतक्या हळू बोलत, की मला सारखं पुढे वाकावं लागे. आम्ही इंग्रजीत बोलत होतो. मी त्यांना देऊळखाडीची तऱ्हा सांगितली, फुरशाचंही सांगितलं. त्यांनी ते मन लावून ऐकलं.

"माझे वडील," त्या म्हणाल्या, "आयुष्यात एकदाच ओरडले. मी नऊ वर्षांची होते. दुसऱ्या दिवशी ते घर सोडून गेले, परत आले नाहीत. तुझ्या वडिलांचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन बसले होते, दार लावून."

या बाईंवर मी मनातल्या मनात तीन महिने डाफरत होते. त्यांचा बाप एकदाच चढ्या आवाजात बोलला होता आणि माझा एकदाच उतरत्या, आणि आम्ही दोघी आपापल्या बापाच्या आवाजाला भिऊन होतो.

समोर भिंतीवर बाबाच्या बोटीचं चित्र दिसत होतं, डोलकाठीवरच्या कॅमेऱ्याचं. एका खांबाला अडकलेला कामाचा तराफा ते ओढून काढत होते. मागच्या बाजूला लोखंडी रहाट, त्यावरून ताठ गेलेला मनगटाएवढा दोर, आणि रहाटापाशी सर्वेश, बाबाकडे पाठ करून. बाबा केबिनमध्ये, हात चाकावर. मी यंत्र कानात घातलं.

डाव्या कानात बाबा गरजला, "सर्व्या, शिरा पडो तुझ्या तोंडार, दोर बघ, दोर!" सव्वा सेकंदाने उजव्या कानात तोच बाबा म्हणाला, "सर्वेश बाळा, जरा दोराकडे बघतस काय?" खाली पडद्यावर आकडा, एक्क्याण्णव. मी वहीत टिपलं. डावा कान, "मेल्या, झोपलंस काय रे?" उजवा कान, "बाळा, दमलंस काय रे?" आकडा, अठ्ठ्याऐंशी. मला हसूही येत होतं आणि कसंतरीही होत होतं, कारण उजव्या कानातलं प्रत्येक वाक्य मीच कधीतरी पुण्यातल्या बंद खोलीत म्हटलेलं होतं.

असं वीस मिनिटं चाललं. मग दोन्ही कानांत एकच वाक्य आलं, एकाच क्षणी.

"सर्वेश बाळा, हळूच फाटी सर हां."

मागे सर, एवढंच. मध्ये उशीर नाही. बदल नाही. सौम्याने त्याला हातही लावला नव्हता. पडद्यावर हिरव्या रंगात चार आकडा आला.

"बघ," इंगरबाई आनंदाने म्हणाल्या, "चार! आजवरचा सगळ्यात कमी."

मी चित्रात दोराकडे बघितलं. रहाटाच्या थोडं पुढे त्याचा एक पदर सुटून वर उभा राहिला होता. ताणलेला दोर तुटला की तो ज्या रेषेत परत येतो त्या रेषेत उभ्या असलेल्या माणसाचं काही उरत नाही, हे देऊळखाडीत पाच वर्षांच्या पोराला माहीत असतं. सर्वेश बरोबर त्या रेषेत उभा होता, आणि त्याला तो पदर रहाटामुळे दिसत नव्हता. बाबाला चाक सोडता येत नव्हतं, सोडलं असतं तर ताण आणखी वाढला असता.

"होय, होय, बाबा," सर्वेश सहज म्हणाला आणि खाली वाकून काहीतरी आवळायला लागला.

"बाळा, आयक माझा," बाबा म्हणाला. दोन्ही कानांत. आकडा तीन.

सर्वेशने नुसता हात वर केला. दिवसातून पन्नास वेळा ऐकलेला 'बाळा'.

मी माझ्या यंत्राचं बटण दाबलं आणि म्हणाले, "सर्वेश, मागे हो, प्लीज, मागे हो!" पुण्याची मराठी. माझ्या तोंडून तीच आली. त्याने मान वर करून इकडेतिकडे बघितलं आणि तो उभा राहिला, अगदी त्याच रेषेत. मला ओरडायचं होतं आणि शब्द नव्हते. ते मी पंधरा वर्षं कुलपात ठेवले होते. दोराचा दुसरा पदर सुटला. आणि मग माझ्या तोंडून माझी आई बोलली, होडीच्या कडेवर चढणाऱ्या लहानग्या सर्वेशवर जशी गरजायची तशी.

"मेल्या सर्व्या! फटकी येवो तुका, रांडेच्या! उडी मार फाटी!"

कक्षातली सगळी माणसं वळून बघायला लागली. पडद्यावर लाल अठ्ठ्याण्णव आला. आणि चित्रात सर्वेशने उडी मारली. विचार करून नाही, ऐकलं आणि अंगच उडालं. तो डेकवर पडतानाचा हात मला दिसला, नुसता हात, आणि त्याच क्षणी दोर तुटला. पांढरी रेघ आली आणि चित्र गेलं. दोन्ही कान एकदम मुके झाले.

*

दोराने डोलकाठी उडवली होती, म्हणजे कॅमेरा गेला आणि बोलायचं यंत्रही गेलं. इंगरबाईंनी दुसरी बोट पाठवली, तिला पोचायला पाव तास. मी भिंतीवरच्या काळ्या चौकोनाकडे बघत उभी होते. सर्वेशचा तो हात दोर तुटायच्या आधीचा होता की नंतरचा, हेच मी मनात पुन्हापुन्हा लावून बघत होते. उडी वेळेत होती का? दोर आधी आला का? बाबा चाकावर होता, केबिनची काच समोरच होती. कुणीतरी माझ्या खांद्यावर कोट टाकला.

अकरा मिनिटांनी माझा फोन वाजला. बोटीच्या केबिनमधल्या फोनचा नंबर. म्हणजे प्रकल्पाच्या मनोऱ्यावरून येणार, सौम्यातून येणार. चाचणीचं यंत्र फोनला चालत नाही. जे ऐकू येईल ते एकाच कानाने.

मी उचलला.

"रेवती बाळा," बाबाचा आवाज आला, अगदी हळू. "जेवलंस काय?"

तेच वाक्य, तोच आवाज. एक तर माझा भाऊ गेला होता आणि हे बोलणारा माझा बाप होता, किंवा माझा भाऊ वाचला होता आणि बाबा मला जीव तोडून शिव्या घालत होता आणि हे बोलणारी ती होती. दोन्हींचे शब्द एकच. ते शब्द तिला मीच दिले होते.

"बाबा, सर्वेश?"

"सर्वेश माझ्या बाजूक आसा. काय बोलणा नाय."

काय बोलणा नाय. घाबरून वाचा गेलेलाही बोलत नाही आणि मेलेलाही बोलत नाही. इंगरबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. आणखी काही विचारायचं धैर्य मला होईना, कारण तिने बाबाच्या बोलण्यातलं काय काढून टाकलं आणि काय ठेवलं हे मला कळायला मार्ग नव्हता. मग आठवलं. ती शब्द बदलते, स्वर बदलते, पण तिला वेळ लागतो. बाबा खरंच हळू बोलत असेल तर उत्तर लगेच येईल.

"बाबा?" मी म्हणाले आणि मोजलं. एक, आणि वर थोडं.

"होय बाळा."

एकदा थांबणं काही सांगत नाही. दुःखातला माणूसही थांबतो. "बाबा, ऐकतोयस?" एक, आणि वर थोडं. "आयकतंय बाळा." मला घड्याळ नको होतं, दोन वर्षं मी याच एका अंतराबरोबर जगले होते.

"बाबा," मी म्हणाले, "माका एक शिवी घाल."

एक. आणि वर थोडं. तेवढंच, केसाइतकंही कमीजास्त नाही.

"बाळा, तू रडा नको," बाबाच्या आवाजात सौम्या म्हणाली. "आमी दोघव घराक येतंव."

मी फरशीवर बसले आणि मोठमोठ्याने रडायला लागले. इंगरबाई खाली बसल्या, त्यांनी माझे हात धरले. त्याही पांढऱ्याफटक पडल्या होत्या. "जिवंत आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे. बाबा मला शिव्या घालतोय."

मी फोन त्यांच्या कानाला लावला. त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या, मग गोंधळून म्हणाल्या, "पण हा तर किती प्रेमाने बोलतोय."

फोन परत घेतला तेव्हा त्यावर पुण्याहून संदेश येऊन पडला होता, निरंजन सरांचा. अभिनंदन, उशीर शून्यावर आला, चाचणी यशस्वी झाली. दिवाळीला बाहेर काढायला हरकत नाही, कागदावर तुझी सही तेवढी राहिलीय.

मी संदेश बंद केला. पलीकडे बाबा अजून होता, लाटांचा आवाज येत होता. मी पुन्हा एकदा "बाबा?" म्हणाले आणि मोजायला लागले.